कवितेचा अर्थ उलगडणारे व्याकरणकार : दादोबा पांडुरंग



मागील सत्रातील एक लहानसा प्रसंग सांगून आम्ही या लेखाची सुरुवात करतो. सातवीच्या मराठीच्या चाचणीत रूपक अलंकाराची व्याख्या विचारली होती. वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांनी ती अचूक लिहिली, काहींनी तर पुस्तकातल्या स्वल्पविरामासह लिहिली. त्याच प्रश्नपत्रिकेत खाली एक कडवे देऊन त्यातील रूपक शोधायला सांगितले होते, तेथे मात्र निम्म्याहून अधिक जागा कोऱ्या राहिल्या. एका विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले होते की, कवीने माणसाच्या मनाला पाखरू म्हटले आहे, पण मन पाखरू नसते, म्हणून ते वाक्य चूक आहे. आम्ही त्याला गुण देऊ शकलो नाही. पण त्याचे उत्तर वाचून आम्हालाच विचार पडला. व्याख्या पाठ असणारे गुण मिळवून गेले आणि कवितेकडे खरोखर लक्ष देणारा मागे राहिला, असे तर झाले नाही?

म्हणूनच या वेळच्या थोरांच्या ओळखीसाठी आम्ही अशा एका गृहस्थांची निवड केली आहे, ज्यांनी आयुष्यभर शब्दांच्या अर्थाचाच ध्यास घेतला. त्यांनी मराठीचे व्याकरण रचले, कवितेवर टीका लिहिली, आणि विशेष म्हणजे आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे आपल्या याच सुरत शहरात शिक्षक म्हणून घालवली. ते म्हणजे रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांना ओळखले जाते. महाराष्ट्रातील मुलांना त्यांचे नाव निदान व्याकरणाच्या पुस्तकामुळे माहीत असते. सुरतेत राहणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ते आपल्याच गावात शिकवून गेले हे फारसे ठाऊक नसते, याची आम्हाला खंत वाटते.

बालपण आणि शिक्षण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे घराणे मूळ वसईजवळच्या तर्खड गावचे, म्हणून तर्खडकर हे आडनाव. वडिलांचे नाव पांडुरंग. घरातील वातावरण धार्मिक होते. त्या काळी मुलांचे शिक्षण पंतोजींच्या खाजगी शाळेत होत असे. धुळाक्षरे, मोडी, पाढे आणि पाठांतर एवढाच तेथील अभ्यासक्रम. दादोबांचे आरंभीचे शिक्षण असेच झाले आणि पुढे मुंबईत नव्याने निघालेल्या इंग्रजी शाळेत ते दाखल झाले.

तो काळ मोठा विलक्षण होता. पेशवाई १८१८ साली बुडाली होती, छापखाने नुकतेच येत होते, आणि मराठीत शाळेसाठी छापलेली पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती. आज आपल्या मुलांच्या दप्तरात जेवढी पुस्तके असतात, तेवढी त्या वेळी एखाद्या संपूर्ण शाळेत नसत. मुलांना मराठी बोलता येई, वाचता येई, पण आपण बोलतो त्या भाषेला काही नियम आहेत, हे त्यांना मराठीतून सांगणारे कोणी नव्हते. व्याकरण म्हटले की संस्कृतचे, आणि ते शिकायचे शास्त्र्यांकडे, अशीच समजूत होती.

दादोबांनी ही उणीव भरून काढायचे ठरवले. १८३६ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या सुधारून वाढवलेल्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक पिढ्या त्याच पुस्तकावर शिकल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, लिंग, वचन, विभक्ती हे आपण आज सहज उच्चारतो. पण रोजच्या बोलण्यातील मराठीला ही शिस्त आहे हे मुलांना समजेल अशा रीतीने मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत दादोबा होते. विद्यार्थी मित्रांनो, बाविसावे वर्ष म्हणजे आज पदवी हातात पडते न पडते तो काळ, हे लक्षात घ्या.

काही काळ त्यांनी माळव्यातील जावरा संस्थानच्या नवाबांना शिकवण्याचे काम केले. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापन केले. आणि त्यानंतर ते सुरतेला आले.

सुरतेतील वर्षे

१८४० नंतरच्या काही वर्षांत दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्या वेळचे सुरत म्हणजे वैभवाच्या आठवणींवर जगणारे शहर. बंदराचा व्यापार मुंबईकडे गेला होता. १८३७ साली लागलेल्या प्रचंड आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. या दोन्ही आघातांतून लोक अजून सावरत होते. अशा वेळी माणसे भयभीत होतात आणि भयाचा फायदा घेणारेही निघतात. भूत उतरवणारे, मंत्राने साप बांधणारे, जादूटोणा करणारे यांचे शहरात प्रस्थ होते.

याच सुरतेत गुजराती शाळेचे एक निर्भीड शिक्षक होते, दुर्गाराम मंछाराम मेहता. सर्वजण त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणत. दुर्गाराम आणि दादोबा यांची मैत्री जमली. एक गुजराती शाळेतला, एक इंग्रजी शाळेतला. एकाची मातृभाषा गुजराती, दुसऱ्याची मराठी. पण दोघेही शिक्षक आणि दोघांनाही पडलेला प्रश्न एकच होता, की माणसे ऐकलेल्या शब्दावर विचार न करता विश्वास का ठेवतात. या दोघांनी दलपतराम, दामोदरदास आणि दिनमणिशंकर या सहकाऱ्यांसह २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभेची स्थापना केली. या पाचही जणांची नावे द या अक्षराने सुरू होतात, म्हणून पाच दद्दा असा त्यांचा उल्लेख आजही गुजरातच्या इतिहासात होतो.

सभेत धर्माविषयी, जातिभेदाविषयी आणि विधवांच्या दुःखाविषयी उघड चर्चा होई. मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले जाई की, मंत्रात सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष दाखवावे. दादोबांनी त्याच सुमारास धर्मविवेचन नावाचे पुस्तक लिहिले होते. ते पुष्कळ वर्षांनी, १८६८ साली, त्यांचे स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध झाले. त्यातील तत्त्वे आजही मुलांना सांगण्यासारखी आहेत. ईश्वर एक आहे, खरा धर्म प्रेम आणि सदाचार यांवर उभा आहे, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे, आपले बोलणे आणि वागणे विवेकाला धरून असावे, सर्व माणसांची जात एकच, आणि योग्य ज्ञान सर्वांना मिळावे, असा त्यांचा आशय आहे.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, की यात कवितेचा आणि अलंकारांचा काय संबंध? आमच्या मते फार जवळचा संबंध आहे. मांत्रिक जेव्हा म्हणतो की या शब्दाने साप बांधला जातो, तेव्हा तो शब्दाला दोरी समजतो. कवी जेव्हा म्हणतो की आईचे शब्द म्हणजे रेशमाची दोरी, तेव्हा तो आपल्याला आईच्या मायेची ओळख करून देतो. दोघांच्या तोंडी दोरीच आहे. पण पहिला आपल्याला ते खरे मानायला सांगतो आणि दुसरा ते समजून घ्यायला सांगतो. ज्याला हा फरक कळत नाही, तो एक तर मांत्रिकाला फसतो, नाही तर कवीला खोटे ठरवतो. आमच्या सातवीतील विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते. मांत्रिकाला तो फसला नसता हे निश्चित. पण कवीवर त्याने अन्याय केला.

दादोबांचे मोठेपण असे की त्यांनी मांत्रिकांना आव्हान दिले, पण कवींचा हात मात्र सोडला नाही.

मुंबई आणि नगर

१८४६ साली दादोबा मुंबईला परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख झाले. इकडे दुर्गाराम मेहताजी १८५२ साली राजकोटला गेले आणि मानवधर्म सभेचे काम थांबले. मुंबईत दादोबांच्या पुढाकाराने १८४९ साली परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडणे हा तिचा मुख्य हेतू. सभासद एकत्र बसून प्रार्थना करीत आणि जातीचे बंधन बाजूला ठेवून एकत्र खात. पण समाजाच्या रोषाच्या भीतीने हे सर्व काम गुप्तपणे चाले. पुढे सभासदांच्या नावांची वही बाहेर गेली, अनेक जण घाबरले आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली.

हा भाग आम्ही मुद्दाम झाकत नाही. थोर माणसांच्या चरित्रात फक्त विजय सांगितले तर मुलांना ती माणसे खोटी वाटू लागतात. दादोबांना जे पटले होते ते उघडपणे आचरण्याचे धैर्य त्यांच्या सभेला झाले नाही, हे खरे आहे. पण त्या सभेतून जे विचार रुजले, त्यांतूनच १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला, हेही तितकेच खरे आहे. त्याच्या संस्थापकांत अग्रणी होते डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे दादोबांचे धाकटे बंधू. कविवर्य रवींद्रनाथ टागोर तरुणपणी, १८७८ साली, मुंबईत ज्यांच्या घरी राहिले होते तेच हे आत्माराम.

१८५२ साली दादोबा शिक्षण खाते सोडून अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचे बंड मोडण्यात केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. त्या बंडामागे भिल्लांचीही काही दुःखे असणार, ही जाणीव आज आपण ठेवली पाहिजे. १८६० नंतर लवकरच ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि पुन्हा आपल्या आवडीच्या विषयाकडे, भाषेकडे वळले.

केकावलीवरील टीका

१८६५ साली दादोबांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव यशोदा पांडुरंगी. मोरोपंतांच्या केकावली या काव्यावरील ती मराठी टीका आहे. येथे टीका म्हणजे दोष दाखवणे नव्हे. जुन्या अर्थाने टीका म्हणजे कवितेतील कठीण शब्द फोडून, वाक्याचा क्रम लावून, कवीच्या मनातील अर्थ वाचकाला स्पष्ट करून सांगणे. ग्रंथाला त्यांनी आपल्या आईवडिलांची नावे जोडून दिली. पण यशोदा म्हटले की कृष्णाची आई आठवते आणि पांडुरंग म्हटले की पंढरीचा विठोबा. एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात तेव्हा त्याला श्लेष म्हणतात, हे मुलांनी येथेच लक्षात ठेवावे.

मोरोपंतांचा काळ १७२९ ते १७९४. जन्म पन्हाळ्याचा, आयुष्य बहुतांशी बारामतीला गेले. त्यांनी महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणले, अनेक प्रकारची रामायणे रचली. शब्दांवर त्यांची हुकमत एवढी की ओठाला ओठ लागेल असे एकही अक्षर न घेता त्यांनी एक रामायण रचले, त्याला निरोष्ठ रामायण म्हणतात. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून राम-लक्ष्मणांची कथा सांगायची. मुलांनी घरी करून पाहावे, दोन वाक्येसुद्धा जुळत नाहीत.

केकावली हे त्यांचे उतारवयातील काव्य. ते समजण्यासाठी आधी त्याचे नावच समजून घेऊ. केका म्हणजे मोराचा टाहो आणि आवली म्हणजे रांग. मोराच्या हाकांची माळ, असा सरळ अर्थ. पण कवीचे नाव मोरोपंत आणि ते स्वतःला मयूर म्हणवीत. म्हणून हा मोर म्हणजे स्वतः कवी. मोर कोणाला हाका मारतो? पावसाच्या काळ्या ढगाला. आणि देवाचा रंगही मेघासारखा सावळा. म्हणजे भक्त हा मोर, देव हा मेघ, आणि कृपा हा पाऊस. एका लहानशा नावात एवढे सारे साठवलेले आहे. ज्याला रूपक कळत नाही, त्याला वाटेल की हे पक्ष्यांवरचे पुस्तक आहे.

या काव्यातील एक श्लोक पिढ्यान् पिढ्या मराठी शाळांत प्रार्थना म्हणून म्हटला जातो. चांगल्या माणसांची संगत मिळावी, चांगले बोल कानी यावेत, अशी मागणी करणारा हा श्लोक आजी-आजोबांना विचारलात तर त्यांना तोंडपाठ असेल. आम्ही तो येथे छापत नाही. मुलांनी तो घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून आणावा आणि खालील चार गोष्टी त्यात शोधाव्यात.

पहिली गोष्ट वृत्ताची. हा श्लोक पृथ्वी वृत्तात आहे. प्रत्येक ओळीत सतरा अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरावर थांबा असतो. त्याला यती म्हणतात. बोटांवर अक्षरे मोजून पाहा. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे.

दुसरी गोष्ट यमकाची. सामान्य कवितेत ओळीच्या शेवटी यमक जुळते. या श्लोकात मात्र ते आठव्या अक्षराशीही जुळते आणि सतराव्या अक्षराशीही. चार ओळी आणि प्रत्येकीत दोनदा, म्हणजे एकच ध्वनी आठ वेळा कानावर येतो. हा ध्वनी कोठून आला? तसे घडो, तसे होवो, अशी इच्छा सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपातून. व्याकरणात त्याला आज्ञार्थी रूप म्हणतात. म्हणजे कवीने यमक बाहेरून चिकटवलेले नाही. मागणे आठ आहेत म्हणून ध्वनीही आठदा आला. व्याकरण आणि यमक येथे हातात हात घालून चालतात. व्याकरणकार दादोबांना या कवीची ओढ का वाटली असेल, याचे उत्तर आम्हाला येथे सापडते.

तिसरी गोष्ट अलंकाराची. कवी संतांच्या पायांना कमळ म्हणतो आणि तेथे दडून राहावे अशी इच्छा करतो. कमळात कोण दडून बसतो? भुंगा. पण भुंगा हा शब्द श्लोकात कोठेही नाही. तो आपण आपल्या मनात आणायचा आहे. पुढे कोणी ओढून मागे फिरवू लागले तर हट्टाने अडून बसावे, ताटातूट झाली तर रडावे, असे म्हटले आहे. हट्ट कोण करतो, रडतो कोण? लहान मूल. मूल हा शब्दही तेथे नाही. निर्जीव किंवा अदृश्य गोष्टीला सजीव माणसासारखे वागायला लावले की तो चेतनगुणोक्ती अलंकार होतो.

चौथी गोष्ट अन्वयाची. हे दडणारे, अडणारे आणि रडणारे कोण, ते कवी लगेच सांगत नाही. मन हा शब्द अगदी शेवटच्या ओळीत येतो. तेथून मागे वळून पाहिले की सर्व श्लोक उलगडतो. गाठ सुटण्यासाठी दोरीचे टोक सापडावे लागते, तसेच हे आहे. टीकाकाराचे काम म्हणजे वाचकाच्या हाती ते टोक देणे.

मन रडते असे म्हणणे आता चूक वाटते का? आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा बोलावून हा श्लोक समजावला. सुट्टीत आजीच्या गावाहून सुरतेला परतताना गाडीत काय वाटते, एवढेच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की मन अडून बसते. त्याला रूपकाची व्याख्या अजूनही नीट सांगता येत नाही. पण कविता कळू लागली आहे, आणि व्याख्या येईल पाठोपाठ.

सुरतेचाच आणखी एक मुलगा

दादोबा सुरतेत असताना दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत एक मुलगा काही काळ शिकत होता. त्याचा जन्म १८३३ सालचा, सुरतेचा. पुढे तो कवी नर्मद म्हणून अजरामर झाला. या नर्मदनेही तरुणपणी हाच ध्यास घेतला होता. गुजरातीत कविता करायची तर छंदाचे शास्त्र समजले पाहिजे, पण छापील पुस्तक मिळेना. अखेर स्वतः खटपट करून त्यांनी ते शास्त्र आत्मसात केले आणि १८५७ साली पिंगळप्रवेश हे छंदावरील पुस्तक गुजरातीत प्रसिद्ध केले. पाठोपाठ अलंकारप्रवेश आणि रसप्रवेश ही पुस्तकेही त्यांनी लिहिली. आमलीरान भागातील त्यांचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे. पालकांनी मुलांना एखाद्या रविवारी ते अवश्य दाखवावे.

एका मराठी शिक्षकाने मराठी कवितेचा अर्थ उलगडला आणि सुरतेच्या एका सुपुत्राने गुजराती कवितेचे शास्त्र लोकांसमोर ठेवले. आपली मुले या दोन्ही भाषांत वाढतात. घरी मराठी, गल्लीत गुजराती. काही पालकांना वाटते की यामुळे मुलांचा गोंधळ होतो. थोडा होतो हे आम्हीही पाहतो. मराठीत ओळींच्या शेवटच्या ध्वनिसाम्याला यमक म्हणतात, गुजरातीत त्याला प्रास म्हणतात. गुजराती पुस्तकात यमक म्हणजे तोच शब्द वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. मराठीतील चेतनगुणोक्तीला गुजरातीत सजीवारोपण म्हणतात. पण उपमा, रूपक, श्लेष ही नावे दोन्हीकडे सारखीच आहेत. एकदा मुलाला सांगितले की नावे निराळी असली तरी पाहायची गोष्ट तीच आहे, की गोंधळ मिटतो. तापीचे पाणी आरशासारखे दिसते, ही उपमा. तापी ही सुरतेची आई, हे रूपक. पावसाळ्यात तापी रागावते, ही चेतनगुणोक्ती. ही वाक्ये दोन्ही भाषांत करून पाहावीत. दोन्हीकडे ती तितकीच गोड लागतात.

अखेरची वर्षे

दादोबांची जिज्ञासा उतारवयातही कमी झाली नाही. स्वीडनमधील विचारवंत स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत आपले चिंतन लिहिले आणि ते १८७८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. धर्मग्रंथातील शब्दांच्या वरवरच्या अर्थाखाली एक आतला अर्थ असतो, असे स्वीडनबोर्ग यांचे म्हणणे होते. सुरतेत तरुणपणी मंत्रांच्या शब्दांना प्रश्न विचारणारे दादोबा साठी ओलांडल्यावर पुन्हा शब्दाच्या आतल्या अर्थापाशीच येऊन थांबले, हे आम्हाला फार बोलके वाटते. १८८० साली पारमहंसिक ब्राह्मधर्म हे त्यांचे पुस्तक निघाले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी आपल्या पूर्वायुष्याची हकीकतही लिहून ठेवली होती. ती अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केली. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रांनो, कविता पाठ करताना एवढेच करा. आधी ती मोठ्याने म्हणा आणि कोठे ध्वनी जुळतो ते कानाने ओळखा. मग कवी कशाला काय म्हणतो आहे ते शोधा. आणि शेवटी, तसे का म्हटले असेल, हे स्वतःला विचारा. अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी लिहा.

पालकहो, मुलाने रूपकाची व्याख्या पाठ म्हणून दाखवली की आपण समाधान मानतो. त्याऐवजी रात्री जेवताना त्याला एखादी म्हण विचारा. आपल्या म्हणी म्हणजे अलंकारांचे भांडारच आहे. नाचता येईना अंगण वाकडे, यात नाच कोणता आणि अंगण कोणते, हे त्याला सांगू द्या. चुकले तरी सांगू द्या.

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, ग्रंथालयात मोरोपंतांची केकावली, दादोबांचे आत्मचरित्र आणि नर्मद यांची निवडक कविता उपलब्ध करून द्यावी. येत्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक मराठी आणि एक गुजराती कविता म्हणून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावा, असा कार्यक्रम ठेवण्याचा आमचा विचार आहे.

सुरतेच्या मुलांसमोर एक मराठी शिक्षक उभा राहून गेला, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. त्याच शहरात आज आमच्या वर्गात मराठीचा तास चालतो. दादोबांच्या शाळेतल्या मुलांपाशी पुस्तके नव्हती, आपल्या मुलांपाशी ती आहेत. उणीव आहे ती अर्थापाशी थांबून बसणाऱ्या दहा मिनिटांची. ती दहा मिनिटे शाळेत आम्ही देऊ. घरी आपण द्यावीत, ही विनंती.